पोच म्हणजे स्वीकार नव्हे
मोठ्या व नाजूक मालाची पाहणी : काही नियम, काही दक्षता

सार्वजनिक पैशातून घेतलेली वस्तू शाळेच्या, कार्यालयाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दाराशी येऊन पोहोचते, तो क्षण खरेदीच्या साऱ्या व्यवहारातील सर्वांत दुर्लक्षित क्षण होय. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, तुलनात्मक तक्ता आणि पुरवठा आदेश यांवर महिनेच्या महिने खर्ची पडतात. प्रत्येक टप्प्यावर टिपणी लिहिली जाते, सह्या होतात. परंतु मालमोटार फाटकाशी उभी राहिली, की चालकाला पुढच्या गावी जाण्याची घाई असते, हमाल खोळंबलेले असतात आणि जो कर्मचारी जवळ असेल तो पुढे केलेल्या कागदावर सही करून मोकळा होतो. त्या कागदावर बहुधा आधीच छापलेले असते : ‘माल सुस्थितीत मिळाला.’

माल धान्याचा किंवा लोखंडाचा असेल, तर या घाईने फारसे बिघडत नाही. पोते कमी भरले तर ते मोजून कळते. परंतु काचेचे तावदान, प्रयोगशाळेतील उपकरण, वर्गातील मोठे इंटरॅक्टिव्ह पॅनेल, सौर पट्ट्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसी ठेवण्याचा आयएलआर फ्रिज या वस्तूंची गोष्ट वेगळी आहे. त्या आकाराने मोठ्या, किमतीने भारी आणि प्रकृतीने नाजूक असतात. खोका बाहेरून धड दिसतो, आत तडा गेलेला असतो. आठ दिवसांनी खोका उघडला, की पुरवठादार म्हणतो, माल धड पाठविला होता. वाहतूकदार म्हणतो, धड पोहोचविला होता, ही पाहा तुमची सही. अशा वेळी नुकसान कोणाचे, हा प्रश्न त्या सहीनेच बहुतांशी ठरवून टाकलेला असतो.

पुण्याचा जुना अनुभव

दूरदेशाहून नाजूक माल आणविणे ही पुण्याला नवी गोष्ट नाही. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून व तत्कालीन मुंबई सरकारच्या साहाय्याने पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठात, १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी राहिली. तिच्यासाठी डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून मोठी परावर्ती दुर्बीण आणविण्यात आली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे या वेधशाळेचे प्रमुख होते. तेथील २० इंची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी गणली जाई. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ साली ही साधने कोडाईकनालच्या वेधशाळेकडे गेली. समुद्रापलीकडून आलेल्या काचेला पुन्हा एकवार लांबचा प्रवास घडला.

अशा मालाच्या बाबतीत वेळेला काय मोल असते, हे १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाने दाखविले. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या त्या ग्रहणाच्या वेधासाठी नायगमवाला आपल्या साहाय्यकांसह पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथे गेले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही तेथेच आले होते आणि त्यांच्याजवळ ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी भिंगे, आरसे व छायाचित्रणाच्या काचा कित्येक दिवस आधी तळावर पोहोचवून, उघडून, तपासून व जोडून ठेवाव्या लागत. एखादे भिंग वाटेत फुटले आहे हे ग्रहणाच्या दिवशी कळून उपयोग नव्हता. नाजूक माल पोहोचताच तपासावा, वापराच्या दिवशी नव्हे, हा धडा शाळेच्या प्रयोगशाळेलाही तितकाच लागू आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडलेल्या खोक्यातून फुटके उपकरण निघाले, तर त्याची भरपाई पैशानेही होत नाही.

काच कशी न्यावी याचाही एक विख्यात दाखला आहे. अमेरिकेतील पालोमार दुर्बिणीच्या २०० इंची आरशाची काच १९३६ साली कॉर्निंगहून पॅसाडेनापर्यंत रेल्वेने नेण्यात आली, तेव्हा ती आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवली होती आणि गाडीचा वेग ताशी २५ मैलांहून अधिक होऊ दिला नव्हता. काचेचे मोठे पान आडवे ठेवले तर ते आपल्याच वजनाने व रस्त्याच्या हादऱ्याने वाकते. उभे ठेवले तर भार कडेवर तोलला जातो. १९०८ साली पैसा फंडातून जेथे काच कारखाना निघाला, त्या तळेगाव दाभाड्याच्या परिसराला ही गोष्ट नवी नसावी. म्हणून मालमोटारीत काचेचे खोके आडवे रचलेले दिसले, तर एकही खोका न उघडता संशयाला जागा आहे असे समजावे.

कायदा काय सांगतो

माल हाती घेणे आणि माल मान्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये स्पष्ट आहे. कलम ४१ प्रमाणे, खरेदीदाराने माल आधी पाहिलेला नसेल, तर तपासणीची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानले जात नाही. कलम ४२ प्रमाणे मात्र तीन प्रकारे स्वीकार घडतो : खरेदीदाराने तसे कळविल्याने, विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत अशी कृती केल्याने, किंवा वाजवी मुदत उलटूनही नकार न कळविता माल ठेवून घेतल्याने. म्हणजे मौन हाही स्वीकारच ठरू शकतो. माल योग्य कारणास्तव नाकारला, तर तो परत पाठविण्याचे बंधन खरेदीदारावर नाही. नकार विक्रेत्यास कळविणे पुरेसे आहे, असे कलम ४३ सांगते. अर्थात करारात वेगळे ठरले असेल, तर ते पाहावे लागते.

आणखी एक कलम पुष्कळांच्या ध्यानात नसते. कलम ३९ प्रमाणे, कराराच्या ओघात विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला, म्हणजे तो प्रथमदर्शनी खरेदीदारासच दिला असे मानले जाते. त्यामुळे वाटेतील फुटीचा धोका खरेदीदारावर येऊ शकतो. हे टाळावयाचे, तर पुरवठा आदेशातच ‘माल गंतव्यस्थानी उतरवून, सुस्थितीत पोच देण्याची व तोपर्यंतच्या जोखमीची जबाबदारी पुरवठादाराची राहील’ अशी अट हवी. एका वाक्याची ही अट पुढे लाखमोलाची ठरते.

केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २०८ हेच तत्त्व कार्यालयीन भाषेत मांडतो. आलेला माल मोजावा, मापावा किंवा तोलावा, डोळ्यांनी पाहावा, तूट अथवा मोडतोड नाही याची खात्री करावी, आवश्यक तेथे तांत्रिक तपासणी करावी आणि मगच साठा नोंदवहीत घ्यावा, असा त्याचा क्रम आहे. शासकीय ई-बाजारपेठेतील खरेदीतही तात्पुरत्या पोचेचे प्रमाणपत्र वेगळे आणि अंतिम स्वीकृतीचे प्रमाणपत्र वेगळे असते. ग्रामपंचायतीने जडवस्तू संग्रहाच्या नमुना क्रमांक १६ मध्ये नोंद घेताना हाच क्रम पाळावा. आधी नोंद, मग पाहणी, असा उलटा प्रवास होऊ नये.

गाडी येण्यापूर्वीची तयारी

पाहणीचे अर्धे काम गाडी येण्यापूर्वी होते. पुरवठा आदेशाची प्रत व वस्तूंची यादी हाताशी असावी. माल ताब्यात घेण्याचा अधिकार कोणाला, हे लेखी ठरलेले असावे. तो अधिकारी रजेवर असेल, तर दुसरा कोण, हेही ठरलेले असावे. शिपायाने अथवा वाटेने जाणाऱ्या शिक्षकाने सही करण्याची पाळी येऊ नये. पाहणीस किमान दोन व्यक्ती असाव्यात व माल दिवसाउजेडी यावा, असे पुरवठादारास आधीच कळवावे. मोजपट्टी, बॅटरी, खोका उघडण्याचे साधन आणि छायाचित्र घेता येईल असा भ्रमणध्वनी, एवढी सामग्री पुरते.

जागेचाही विचार हवा. पुण्याच्या जुन्या पेठांतील अरुंद रस्त्यांवर मोठी मालमोटार जात नाही. माल अलीकडेच उतरवून टेंपोत भरावा लागतो, तेथून हातगाडीवर आणि शेवटी जिन्याने वर. प्रत्येक चढ-उतार म्हणजे फुटीची एक नवी संधी. म्हणून माल नेमका कोठे उतरवावयाचा, दरवाजाची रुंदी किती, जिना आहे की लिफ्ट, आणि शेवटच्या टप्प्याची हमाली कोणाकडे, हे आदेशातच स्पष्ट असावे. वस्तू कशी धरावी, कोठे दोर लावू नये, कोणती बाजू वर राहावी, हे हमालांना गाडी उघडण्यापूर्वी सांगावे. ज्या पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने हमाल पंचायत उभी राहिली आणि ज्या राज्याने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, तेथे हमालाच्या अनुभवाला मान देणे अवघड जाऊ नये. खोका उचलताना आतून होणारा खळखळाट सर्वांआधी त्याच्याच कानी पडतो.

फाटकाशी गाडी उभी राहिल्यावर

प्रथम बिल्टीचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि नगांची संख्या कागदाशी ताडून पाहावी. ताडपत्री काढल्याबरोबर, एकही नग न हलविता, आतील रचनेचे छायाचित्र घ्यावे. कोणता खोका कोणत्या खोक्याखाली दबला होता, हे नंतर कधीच सिद्ध करता येत नाही. मग प्रत्येक खोक्याच्या सहाही बाजू पाहाव्यात. दबलेला कोपरा, ओलीचा डाग, भोक, सुटून पुन्हा लावलेली चिकटपट्टी, उलट दिशेला असलेला बाण, या खुणा टिपून घ्याव्यात. काही खोक्यांवर धक्का अथवा कल दाखविणारी पट्टी लावलेली असते. तिचा रंग बदललेला दिसला म्हणजे माल फुटलाच, असे नव्हे. पण तो खोका उघडल्याखेरीज सही करू नये, एवढे निश्चित.

त्यानंतर खोका चालकाच्या समक्ष उघडावा. सर्व खोके उघडणे शक्य नसेल, तर संशयित खोके अवश्य आणि उरलेल्यांपैकी काही निवडक उघडावेत. काच किंवा पॅनेल यांवर बॅटरीचा प्रकाश समोरून न टाकता तिरपा टाकावा. केसासारखा तडा तिरप्या प्रकाशात चमकतो. कडा व कोपरे आधी पाहावेत, कारण काच बहुधा तेथूनच तडकते. चिनी मातीच्या भांड्यावर बोटाने हलके टिचकी मारली असता स्वच्छ नाद यावा. बद्द आवाज आला, तर तडा असण्याचा संभव असतो. पॅनेल शक्य असल्यास तेथेच वीज जोडून चालू करून पाहावे. फ्रिज मात्र वाटेत आडवा आला असल्यास लगेच सुरू करू नये. तो उभा करून, निर्मात्याच्या सूचनापत्रकात दिलेला वेळ जाऊ द्यावा, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल जागेवर येते.

काही दोष डोळ्यांना दिसतच नाहीत. सौर पट्टीच्या काचेखालील सूक्ष्म तडे खास चाचणीनेच कळतात. अशा मालाच्या पोचेवर ‘बाह्य पाहणी केली, कार्यचाचणी बाकी’ असे लिहावे. जे पाहिले तेवढ्याचीच सही द्यावी; जे पाहिले नाही त्याची हमी देऊ नये.

शेरा कसा लिहावा

पाहणीचे सारे फळ शेऱ्यात असते. तो वाहतूकदाराच्या प्रतीवर लिहावा; केवळ आपल्या प्रतीवर लिहिलेला शेरा दुसऱ्या पक्षास बांधून ठेवीत नाही. छापील ‘माल सुस्थितीत मिळाला’ हे शब्द खरे नसतील, तर ते खोडून त्यावर आद्याक्षरी करावी. ‘तपासणीच्या अधीन’ असा मोघम शेरा काहीच न लिहिण्यापेक्षा बरा. परंतु त्याने फुटीचा पुरावा उभा राहत नाही. शेरा नेमका हवा. उदाहरणार्थ : ‘एकूण ६ नगांपैकी नग क्र. ३ चा उजवा खालचा कोपरा दबलेला, चालकासमक्ष उघडला असता आतील काच कोपऱ्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर तडकलेली आढळली, छायाचित्रे घेतली.’ खाली तारीख, वेळ, दोघांच्या सह्या आणि चालकाची सही. चालक सही करण्यास अथवा खोका उघडेपर्यंत थांबण्यास तयार नसेल, तर तेच लिहावे : ‘चालकाने खोका उघडण्यास वेळ दिला नाही.’ नुकसान मोठे असल्यास त्याच दिवशी पंचनामा करावा.

रेल्वेने आलेल्या मालासाठी वेगळी तरतूद आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ८१ प्रमाणे, माल खराब स्थितीत आला असेल किंवा त्यात हात घातल्याच्या खुणा असतील आणि माल घेणाऱ्याने मागणी केली, तर रेल्वे प्रशासनास माल उघडून पोच द्यावी लागते. ही मागणी माल स्थानकाबाहेर नेण्यापूर्वी करावी. मात्र माल फुटका आहे एवढ्याच कारणाने तो रेल्वेच्या आवारात सोडून देता येत नाही. कलम ८२ प्रमाणे तो उचलावाच लागतो, नाही तर जागाभाड्याचा भार वाढत जातो.

सहीनंतरही मुदत असते

पाहणीच्या वेळी न दिसलेले नुकसान नंतर आढळले, तर सर्व संपले असे समजू नये. पण दिवस मोजावेत. रस्त्याने आलेल्या मालासाठी सडकेने माल वाहून नेण्याबाबतचा अधिनियम, २००७ लागू आहे. १ मार्च २०११ पासून अमलात आलेल्या या कायद्याने १८६५ चा जुना वाहक कायदा रद्द झाला. त्याच्या कलम १६ प्रमाणे, माल पाठविण्यासाठी नोंदविला गेल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदारास लेखी नोटीस दिली नसेल, तर दावा चालत नाही. मुदत माल पोहोचल्यापासून नव्हे, नोंदविल्यापासून सुरू होते, हे विसरू नये. रेल्वेच्या बाबतीत कलम १०६ प्रमाणे माल सुपूर्द केल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे. समुद्रमार्गे आलेल्या मालाचे न दिसणारे नुकसान तीन दिवसांत, तर आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीतील मालाचे १४ दिवसांत लेखी कळवावे लागते.

भरपाई किती मिळेल, हा प्रश्न वेगळा आहे. २०११ च्या नियमांप्रमाणे सडकेच्या वाहतूकदाराची जबाबदारी सामान्यतः भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, आणि तीही मालाच्या जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक नसते. समजा, पॅनेलची किंमत १,५०,००० रुपये आणि भाडे ४,००० रुपये आहे. तर जबाबदारी ४०,००० रुपयांवर थांबते आणि उरलेले १,१०,००० रुपये कोणीच देत नाही. पाठविणाऱ्याने अधिक जोखमीचा दर भरण्याचे पत्करले असेल, तरच ही मर्यादा ओलांडता येते. म्हणून माल नाजूक असेल, तेथे जाहीर किंमत, जोखमीचा दर आणि वाहतूक विमा या तिन्ही गोष्टी माल निघण्यापूर्वीच पुरवठादाराकडून लेखी घ्याव्यात. विमा असेल, तर नुकसान दिसताच विमा कंपनीस कळवावे आणि तिचा सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत खोका, पेंढा, थर्माकोल व काचेचे तुकडे यांपैकी काहीही फेकू नये. आवार स्वच्छ करण्याच्या उत्साहात पुरावाच कचऱ्यात जातो.

थोडक्यात, दाराशी उभ्या असलेल्या गाडीपाशी दिलेला अर्धा तास हा वाया गेलेला वेळ नव्हे. चालकाची घाई खरी असते; त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. गाडी केव्हा येणार व पाहणीस किती वेळ लागणार, हे वाहतूकदारास आदल्या दिवशी कळविले, तर तोही थांबतो. ग्रामपंचायतीने किंवा शाळा व्यवस्थापन समितीने पाहणीचा एक साधा नमुना, म्हणजे नगांची संख्या, खोक्याची स्थिती, उघडलेले नग, आढळलेले दोष, छायाचित्रांची संख्या व सह्या एवढ्या सहा रकान्यांचा कागद, तयार करून पुरवठा आदेशाच्या धारिकेतच लावून ठेवावा. गाडी येईल तेव्हा तो कोणाच्याही हाती देता येतो. मुख्याध्यापक असोत वा नसोत, ग्रामसेवक दुसऱ्या गावी गेलेले असोत, त्या कागदावरचे सहा रकाने भरल्याखेरीज दुसऱ्या कागदावर सही होणार नाही, एवढा दंडक प्रत्येक कार्यालयास घालून घेता येईल.